आईचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका

ताई, तुम्ही लिहिलं की आईचं वय 68, शुगर आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 172 होता तो गोळीनं 91 वर आला, आता पाय दुखून राहिले आणि शेजारचे म्हणतात नॉर्मल झालं तर सोडून द्या गोळी. कळकळीनं सांगतो, मनानं सोडू नका. 91 झाला तो गोळी चालू आहे म्हणूनच.

आमच्या बाबांचं हेच झालं. रिपोर्ट चांगला आला, कापूस वेचणीचे दिवस, तालुक्याला जायला कोणाला सवड नाही, पाकीट संपलं ते आणलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चार महिन्यांनी तपासलं तर आकडा होता तिथंच परत. कोलेस्टेरॉल नुसतं खाण्यातून येत नाही, बहुतेक तर आपलं लिव्हरच बनवते, ॲटोरवास्टॅटिनसारखी गोळी तिथंच लगाम लावते, गोळी सुटली की लगाम सुटला. शुगरवाल्याचा एलडीएल 100 च्या खाली तर पाहिजेच, बहुतेकांचा 70 च्याही खाली, अटॅक येऊन गेला असंल तर त्याहूनही कमी, आईचा किती पाहिजे ते डॉक्टरला विचारा.

आता पायाचं. या गोळीनं काही जणांच्या मांड्या-पिंढऱ्या दुखतात हे खरं आहे, पण दिवसभर वाकून निंदण केलं तरी दुखतात, आणि थायरॉईड कमी असला तर पायही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) एकदा करूनच घ्या. डॉक्टरला स्पष्ट सांगा, ते डोस कमी करतात नाहीतर दुसरी गोळी देतात. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा उठता-बसता येईना तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

खाण्यात आमच्याकडं खरा फरक तेलानं पडला. पाच माणसांत 15 किलोचा पिपा तीन महिन्यांत संपायचा, म्हणजे माणशी महिन्याला किलोभर, पाहिजे त्याच्या दुप्पट. आमच्या आईनं फोडणीला पळी सोडून चमचा घेतला, वांग्याच्या भाजीवरचा तवंग गेला, बाबा आठ दिवस रुसले मग जेवू लागले. डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलं म्हणून भुलू नका, कोणत्याच झाडाच्या तेलात ते नसते, पामतेलातही नाही, पण पामतेल एलडीएल वाढवते. जवसाची चटणी भाकरीसोबत रोज चमचाभर खाऊ द्या, चांगलीच आहे, फक्त गोळीच्या बदल्यात नाही.

गोळी महाग पडत असंल तर जनऔषधीत (सरकारी योजनेचं स्वस्त औषधांचं दुकान) त्याच नावाचं औषध बरंच स्वस्त भेटते, डॉक्टरकडून कंपनीचं नाही तर औषधाचं नाव लिहून घ्या. टीएसएचचा रिपोर्ट आला की इथं सांगा.