ड्रायर ऑटोवर लवकर थांबतो आणि कपडे दमट राहतात: ओलाव्याचा सेन्सर बिघडलाय हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑटो प्रोग्रॅम लावला की ड्रायर अर्ध्या तासाच्या आतच 'झालं' म्हणून बीप देतो, पण कपडे दमट असतात. तेच कपडे टायमरवर टाकले की खडखडीत वाळतात. स्क्रीनवर एरर कोड नाही. मेकॅनिक म्हणतो बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला. तर दोष ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरचा असू शकतो का, आणि तो घरी तपासता येतो का?

असू शकतो, आणि तपासताही येतो. टायमरवर कपडे नीट वाळतायत म्हणजे हीटर, मोटर, पंखा, हवेची वाट हे सगळं शाबूत आहे. गडबड फक्त 'कधी थांबायचं' हे ठरवणाऱ्या साखळीत आहे. त्या साखळीत दोन पट्ट्या, दोन वायरी, एखाद-दुसरा कनेक्टर आणि सगळ्यात शेवटी बोर्ड येतो. बाकी काही न बघता थेट बोर्ड बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दार उघडून ड्रममध्ये डोकावा. बहुतेक मशीनमध्ये पुढच्या बाजूला, लिंटच्या (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंच्या) जाळीच्या खाचेजवळ, स्टीलच्या दोन समांतर पट्ट्या दिसतात. सेन्सर म्हणतात तो हाच. आत चिप वगैरे काही नाही. बोर्ड या दोन पट्ट्यांमध्ये अगदी कमी व्होल्टेज ठेवतो. फिरता फिरता ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातल्या पाण्यातून किंचित करंट वाहतो आणि बोर्डाला निरोप मिळतो: ओलं आहे. कपडे वाळत जातात तसे हे निरोप विरळ होतात. काही वेळ निरोप आलाच नाही की बोर्ड 'वाळले' असं धरून चालतो. कपड्यांत थोडासाच ओलावा उरला की पट्ट्यांना तो कळेनासा होतो, त्यामुळे शेवटचा टप्पा बोर्ड अंदाजाने वेळ जोडून पुरा करतो. 'जास्त कोरडे' हा पर्याय निवडल्यावर बऱ्याच मशीनमध्ये हा जोडलेला वेळच वाढतो.

यातली मेख अशी की सेन्सरला फक्त 'ओलं आहे' एवढंच सांगता येतं. 'कोरडं आहे' असा निरोप तो कधीच देत नाही. तो गप्प बसला की कोरडं, असं बोर्ड समजतो. पट्टीवर थर बसला, वायर तुटली, कनेक्टर ढिला झाला, काहीही झालं तरी बोर्डाला दिसते फक्त ती शांतता. म्हणून तुम्हाला एरर कोड दिसत नाही. तापमान मोजणारा थर्मिस्टर तुटला तर बहुतेक मशीन कोड दाखवतात, कारण तुटलेल्या वायरचा आकडा कुठल्याच खऱ्या तापमानाशी जुळत नाही. पट्ट्यांच्या बाबतीत तुटलेली वायर आणि वाळलेले कपडे हुबेहूब सारखे दिसतात. 'कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक' असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

याच्या उलटही होतं. दोन पट्ट्यांच्या वायरी कुठे तरी एकमेकींना चिकटल्या, तर बोर्डाला कायम ओलंच दिसणार आणि ड्रायर कमाल वेळ संपेपर्यंत फिरत राहणार. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की मशीन लवकर थांबतं की थांबतच नाही. तुमचं लवकर थांबतं, म्हणजे निरोप वाटेत कुठे तरी अडतोय.

सुरुवात बोटापासून करा. प्लग काढा, मशीन थंड होऊ द्या आणि पट्टीवरून बोट फिरवा. धुतलेल्या स्टीलवर बोट जरासं अडखळत सरकतं. फॅब्रिक सॉफ्टनर किंवा ड्रायर शीट (कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रममध्ये टाकायचा पातळ कागदासारखा तुकडा) वापरणाऱ्यांच्या पट्टीवर ते सुळकन घसरतं. पट्टीच्या कडेला नख हलकेच ओढून पाहा, नखात करडट, मेणचट काही तरी येईल. वरवर पाहिलं तर पट्टी चकचकीतच दिसते, त्यामुळे नुसतं बघून 'स्वच्छ आहे' म्हणण्यात अर्थ नाही. हा थर पातळ असतो, पण इतक्या कमी व्होल्टेजला अडवायला तेवढा पुरतो.

मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या जोर लावून पुसा, कापडावर डाग उमटायचा थांबेपर्यंत. थर मेणचट नसून पांढरट आणि खरखरीत असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा असतो. त्यावर अल्कोहोल चालत नाही, पांढरं व्हिनेगर चालतं. नंतर साध्या ओल्या कापडाने पुसून घ्या. सँडपेपर किंवा तारेची घासणी लावू नका. ओरखड्यांमध्ये पुढचा थर आणखी लवकर धरतो आणि सुती कपड्यांचे धागेही अडकतात. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून ते पूर्ण उडून जाईपर्यंत दार उघडं ठेवा आणि पुसलेलं कापड ड्रममध्ये विसरू नका.

हात लावलाच आहे तर लिंटची जाळीही नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. जाळीवर साचून राहिलं तर तिच्यावरही तोच सॉफ्टनरचा थर आहे, मग ती साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुवा. ड्रायर शीट हा प्रकार मला एकूणच फारसा पटत नाही. मऊपणा मिळतो खरा, पण सेन्सर आणि जाळी दोन्हींवर बसणाऱ्या थराचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता एक चाचणी घ्या. एकाच जातीचे सुती कपडे, ड्रम साधारण अर्धा भरेल एवढे, ऑटोवर लावा. ते नीट वाळले तर प्रश्न मिटला. माझ्या पाहण्यातल्या अशा बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

चाचणीसाठी मुद्दाम एकाच जातीचे कपडे सांगितले, कारण सेन्सर ठणठणीत असूनही ड्रायर लवकर थांबू शकतो. दोन-चारच कपडे असतील तर ते पट्ट्यांना क्वचितच टेकतात. मोठी चादर किंवा दुलईची खोळ स्वतःभोवती गुंडाळून गोळा होते. बाहेरून कोरडी, आतून ओली, आणि पट्ट्यांना दिसतं ते बाहेरचं. पॉलिएस्टर आणि जाड टॉवेल एकत्र टाकले की पॉलिएस्टर लवकर वाळून टेकत राहतं आणि टॉवेलांची पाळी कमी येते. मशीन मागे कललेलं असेल तर कपडे मागच्या बाजूला राहतात आणि पुढच्या पट्ट्यांपर्यंत कमी पोचतात, म्हणून ड्रायरवर लेव्हल ठेवून पाय सारखे करून घ्या. पाणी फारच मऊ असेल तर त्यात क्षार कमी, म्हणून विजेचं वहनही कमी. ओले कपडेसुद्धा सेन्सरला कमी ओले वाटतात. काही मशीनच्या सेटिंगमध्ये यासाठी वाहकता किंवा कोरडेपणाची पातळी बदलायची सोय असते. मॅन्युअलमध्ये एकदा शोधाच. आणि ड्रममधून नुकतेच काढलेले गरम कपडे हाताला दमट भासतात. ते पसरून थोडे गार होऊ द्या, मग ठरवा.

पट्ट्या पुसूनही फरक पडला नाही तर मल्टिमीटर काढावा लागेल. इथून पुढे पॅनल उघडायचं आहे. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर हे काम जाणकाराकडेच द्या. बाकीच्यांनी नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग सॉकेटमधून काढून समोर दिसेल असा ठेवा. पत्र्याच्या कडा फार धारदार असतात, हातमोजे घाला.

पट्ट्यांच्या मागून दोन वायरी निघून एका कनेक्टरमध्ये जातात. तो कनेक्टर सोडवा; बऱ्याचदा त्याचं खिटकं दाबल्याशिवाय तो निघत नाही, ओढाताण करू नका. मीटर ओहमवर ठेवा. एक टोक पट्टीवर आणि दुसरं त्याच पट्टीच्या वायरच्या पिनवर टेकवा. आकडा शून्याच्या आसपास हवा. दुसऱ्या पट्टीचंही तसंच. वाचन घेताना वायर हलवत राहा, कारण तार आतून तुटून प्लास्टिकच्या आवरणात नुसती टेकलेली असेल तर स्थिर असताना ती चांगली दाखवते आणि मशीन थरथरायला लागलं की सुटते. मग दोन टोकं दोन पट्ट्यांवर ठेवा. कोरड्या पट्ट्यांमध्ये मीटरने काहीच जोडणी दाखवू नये. आता पिळलेलं ओलं कापड दोन्ही पट्ट्यांवर आडवं दाबा. आकडा धाडकन खाली येतो. किती खाली, हे पाण्यावर आणि दाबण्यावर अवलंबून असतं, त्यामुळे आकड्याच्या मागे लागू नका. कापड ठेवल्यावर खाली येतो आणि उचलल्यावर पुन्हा वर जातो, एवढंच पाहायचं. मग सोडवलेला कनेक्टर परत जोडा आणि हीच चाचणी बोर्डाच्या बाजूच्या प्लगवरून पुन्हा करा, म्हणजे मधली पूर्ण वायर तपासून होते. प्लग बोर्डातून काढून, मगच.

कनेक्टरच्या पिना नीट न्याहाळा. हिरवट किंवा काळसर झाल्या असतील तर तिथेच खोट आहे. एखादी पिन मागे सरकून बसलेली असते. कनेक्टर वरून घट्ट लागलेला दिसतो आणि आत संपर्क नसतो.

ज्यांचा ड्रायर थांबतच नाही त्यांनी आधी ड्रम रिकामा आणि कोरडा ठेवून ऑटो लावावा. चांगला सेन्सर असलेलं मशीन काही मिनिटांतच आवरतं घेतं. रिकामंही फिरत राहिलं तर वायरींमध्ये शॉर्ट शोधा. ओळखीच्यांच्या एका ड्रायरमध्ये वायर पुढच्या पत्र्याच्या कडेवरून वळवलेली होती. थरथरीने घासून घासून तिचं आवरण झिजलं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं. बाहेरून पट्ट्या नव्यासारख्या होत्या. कधी पट्ट्यांच्या फटीत हेअरपिन किंवा नाणं अडकलेलं असतं, टॉर्च लावून पाहा. मात्र रिकामं मशीन वेळेत थांबतं आणि भरलेलं तासन्‌तास चालतं, तर सेन्सर खरं बोलतोय, कपडे खरोखरच ओले आहेत. मग वेंटचा (दमट हवा बाहेर सोडणारा) पाइप, कंडेन्सर (हवेतल्या वाफेचं पाणी करणारा भाग) किंवा हीटर बघायचा. कपडे वाळल्यावरही ड्रम अधूनमधून फिरतो ते चुरगळू नये म्हणून, तो बिघाड नव्हे.

तुमच्या मशीनमध्ये पट्ट्या सापडल्याच नाहीत तर दोन शक्यता आहेत. काही कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायरमध्ये ड्रमच सेन्सरचं एक टोक असतो आणि फिरत्या ड्रमशी संपर्क ठेवायला कार्बनचा ब्रश असतो. तो झिजला की लक्षण तुमच्यासारखंच, पण तिथपर्यंत पोचायला बरंच खोलावं लागतं. दुसरी शक्यता जुन्या, गोल डायलच्या मशीनची. त्यातल्या काहींच्या ऑटोमध्ये ओलावा मोजलाच जात नाही. थर्मोस्टॅटने हीटर बंद केला की तेवढ्या वेळापुरता टायमर पुढे सरकतो. ओले कपडे हवा थंड ठेवतात, हीटर चालू राहतो, टायमर थांबलेला. कपडे वाळले की उलट. अशा मशीनचा वेंट तुंबला तर आत उष्णता लवकर साठते, हीटर वारंवार बंद होतो, टायमर धावतो आणि कपडे दमट राहतात. तिथे पट्ट्या शोधत बसू नका, पाइप साफ करा.

बोर्डाची पाळी सगळ्यात शेवटी. पट्ट्या स्वच्छ, वायरी सलग, शॉर्ट नाही, कनेक्टर घट्ट, आणि तरीही मशीन लवकर थांबत असेल तर बोर्ड संशयित ठरतो. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांमुळे ड्रममध्ये स्थिर वीज साठते आणि तिचे झटके या पट्ट्यांमधून बोर्डापर्यंत पोचू शकतात. काही मशीनमध्ये त्यासाठी वायरिंगमध्येच व्हॅरिस्टर, म्हणजे असे झटके शोषणारा छोटा भाग, बसवलेला असतो. पण बोर्ड बदलण्याआधी डायग्नॉस्टिक मोड (मशीनची स्वतःची तपासणी करायची सोय) वापरून बघा. तो सुरू करायची बटणांची क्रमवारी अनेकदा पॅनलच्या आत घडी घालून ठेवलेल्या तांत्रिक कागदावर असते. त्या मोडमध्ये पट्ट्यांवर ओलं कापड ठेवलं की मशीन बीप देतं किंवा स्क्रीनवर काही तरी बदलतं. वायरी चांगल्या असूनही तिथे काहीच झालं नाही, तर तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. त्याला फोन कराल तेव्हा विचारा, पट्ट्यांचं वाचन बोर्डाच्या प्लगवर घेतलं होतं का. घेतलं नसेल तर आधी तेवढं तुमच्यासमोर करायला सांगा.

तोवर टायमरच वापरा. थोडा कमी वेळ लावा, आणि कपडे काढताना जीन्सची कंबरपट्टी नि टॉवेलची शिवण चाचपा, कारण ओल सगळ्यात उशिरा तिथून जाते. रात्री लावून झोपू नका.