वीस बाइटांची फाइल

प्रिय,

शुक्रवारी रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रोडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सिस्टिमवर, स्क्रिप्ट चालवायची होती, तू कचरलीस, लीड म्हणाला, "बॅकअप आहे ना, मग चालव की!" तू चालवलीस. काही बिघडलं नाही. आणि आता विचारतेस की मी डेटाबेस सांभाळायच्या या कामाला लायक आहे का, की डेटा सायन्सकडे वळू? नाहीतरी क्लाउडवर सगळं आपोआपच होतं म्हणे.

कचरलीस ते बरोबरच. पण पुढचा प्रश्न का नाही विचारलास? "हा बॅकअप शेवटचा रिस्टोअर कधी केला होता?" म्हणजे त्यातून डेटा परत उभा करून कधी पाहिला होता? त्याला उत्तर आलं नसतं, पैज लावते.

२००९ साली एका पतसंस्थेचा डेटाबेस माझ्याकडे होता. रात्री दोनला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारा प्रोग्राम, चालायचा, डेटाबेसची प्रत काढणाऱ्या पीजी-डम्पमधून निघालेला डेटा पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं दुसरीला देणाऱ्या जोडणीतून, तो आवळून लहान करणाऱ्या जीझिपकडे जायचा आणि मला मेल यायचा: 'बॅकअप यशस्वी'. मधेच कुणीतरी डेटाबेस युजरचा पासवर्ड बदलला. पीजी-डम्प रोज दाराशीच अडायला लागला. पण पाइपमध्ये निकाल धरतात तो शेवटच्या कमांडचा, आणि जीझिपची काहीच तक्रार नव्हती. हाती काही आलंच नाही, तर त्याने ते 'काही नाही' इमानेइतबारे आवळून ठेवलं. अशी फाइल वीस बाइटांची होते. डिस्क गेली त्या सकाळी मी बॅकअप फायलींची यादी काढली, तर एकाखाली एक २०, २०, २०. त्रेचाळीस रात्री. मेल मी उघडतच नव्हते. त्यांच्यासाठी छान वेगळा फोल्डर केला होता.

मग पिग्मी एजंट आपापल्या वह्या घेऊन आले. मंडईतल्या गाळ्यांचे दहा-दहा, वीस-वीस रुपये. अकरा दिवस आम्ही टाइप करत होतो. एका वहीचं पान पावसात भिजून आकडा पुसला होता. शेजारी बसलेल्या वयस्क एजंटांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मंगळवार ना? लिंबूवाली त्या दिवशी बसलीच नव्हती. शून्य टाका." त्यांचा बॅकअप डोक्यात होता, आणि तो रिस्टोअर होत होता. माझा नव्हता.

हे फक्त माझ्यासारख्या गाफील बाईचं होतं असं समजू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत रात्री थकलेल्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. त्यांचा पीजी-डम्प ९.२ या आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, दोघांचं जुळत नव्हतं, म्हणून बॅकअप होतच नव्हते. आणि तसं सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं कशाने, तर सहा तासांपूर्वी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चढवायला हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. म्हणजे जी प्रत कुणीतरी खरोखर वापरायला घेतली होती, तीच कामी आली. पुढचं काम त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांसमोर केलं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिघांनी गुपचूप आपापले बॅकअप उघडून पाहिले. त्यातल्या एकाचा उघडला नाही.

आणि क्लाउडचं म्हणशील, तर आरडीएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड डेटाबेस सेवेवरचा बॅकअप रिस्टोअर केलास की जुन्या जागी काही परत येत नाही. नवा इन्स्टन्स, म्हणजे नवा डेटाबेस सर्व्हर, उभा राहतो, नव्या एन्डपॉइंटसह, म्हणजे नव्या पत्त्यासह. अ‍ॅप्लिकेशन कुठल्या पत्त्यावर बोलतंय, तो पत्ता किती फायलींमध्ये लिहिलाय, बदलायची परवानगी कुणाकडे, हे रात्री तीनला शोधत बसणार आहेस का? आपोआप होतो तो बॅकअप. रिस्टोअर कुणाला तरी करावा लागतो.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी रिस्टोअर करते. दिवाळी असो, घरी पाहुणे असोत. टेस्ट सर्व्हरचं भाडं फुकट जातं म्हणून एका मॅनेजरने माझ्या अप्रेझलमध्ये 'लवचीकता कमी' असं लिहिलं. त्या वर्षी बढती गेली. लेकीचं पहिलं नाटकही अशाच एका शनिवारी हुकलं, आणि ते मात्र मला आजही बोचतं. रिस्टोअर रविवारीही चालला असता, हे तेव्हा कळत होतं. पण एकदा सवलत घेतली की पुन्हा घेतली जाते. मी स्वतःला ओळखते. तो फोल्डर मीच केला होता ना?

डेटा सायन्सकडे जायचं तर जा, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. पण त्याआधी या शनिवारी एवढं कर. टेस्ट सर्व्हरवर जागा किती आहे बघ, परवाचा बॅकअप तिथे चढव, मोठ्या चार टेबलांतल्या ओळी मोज आणि शेवटच्या नोंदीची तारीख बघ. लीडला आधी विचारू नकोस, नंतर सांग. किती वेळ लागला ते मला कळव, आणि 'अंदाजे' असं लिहू नकोस.