एमडी मेडिसिन का घ्यावं, आणि आपलं कारण पक्कं आहे हे कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात इंटर्नशिप संपत आलीय, मेडिसिन आवडतं, पण 'का?' म्हटलं की 'डोकं चालवायला मिळतं' याच्यापुढं काही सांगता येत नाही. एवढं कारण पुरेल का?

अर्धंच पुरेल. आपल्याकडं शाखा नीट पीजी या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मिळते, मुलाखत नसते. त्यामुळं कारण कुणीच विचारत नाही, आणि जेआर वनच्या, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षात एखाद्या रात्री ते स्वतःलाच विचारायची पाळी येते. तुम्ही आधीच विचारताय हे फार बरं.

डोकं चालवणं म्हणजे दुर्मीळ आजार ओळखणं, असा एक समज असतो. वॉर्डात तसं क्वचितच घडतं. रोज डोकं लागतं ते आत्ता काय करायचं आणि सहा तासांनी काय बघायचं यासाठी. शाहूवाडी, राधानगरीकडून घोणस चावलेला पेशंट आला असं धरा. 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या 10 व्हायल. ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि पेशंटला विनाकारण एएसव्ही जातं. ते जात असताना अंगावर पित्त उठलं, धाप लागली, बीपी पडलं तर ड्रिप थांबवून मांडीत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन. पुन्हा ट्यूब लावायची ती 6 तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतोच. आधी बघून घाईनं आणखी व्हायल देण्यात अर्थ नाही. दरम्यान लघवी किती होतेय हे मोजत राहायचं, कारण घोणस किडनी धरते.

कीटकनाशकाच्या विषबाधेतही तसंच. ॲट्रोपिन या उताऱ्यानं छाती मोकळी झाली, पेशंट बोलायला लागला, नातेवाईक डिस्चार्ज मागायला लागले. नेमकं तेव्हा, 24 ते 96 तासांच्या मधे, त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. मान उचलत नसेल तर श्वासाचे स्नायू दमायला लागलेत, व्हेंटिलेटर जवळ हवा. हे कुठल्या रिपोर्टात दिसत नाही. असं पुन्हा पुन्हा जाऊन बघण्यात तुम्हाला गोडी वाटत असेल, तर माझ्या मते मेडिसिन घेण्याचं याच्याइतकं भक्कम कारण दुसरं नाही.

दुसरं कारण ओपीडीत सापडतं. शुगरचा पेशंट वीस-वीस वर्षं तुमच्याकडं येणार. 'साखर बंद केलीय, गूळच खातो' हे वाक्य कोल्हापुरात रोज ऐकाल, आणि गुळानंही शुगर तितकीच वाढते हे दर वेळी न चिडता सांगावं लागेल. एखाद्या बाईचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, जास्त आलं तरी घरच्या शुगर बऱ्या असतील, तर गोळी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असलं की हा आकडा खोटा वाढतो. हार्ट फेल्युअरवाल्याला नुसतं 'मीठ कमी' म्हणून भागत नाही. रस्सा, लोणचं, पापड नाव घेऊन सांगावं लागतं, शिवाय रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करायला लावायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच यायला सांगायचं. ऑपरेशन केलं आणि बरा झाला, असा दिवस इथं कमी. अटॅक आला नाही, डायलिसिस लागलं नाही, हेच तुमचं यश. ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. यानं तुमचं मन भरणार नसेल तर सर्जरीचा विचार मोकळेपणानं करा, त्यात कमीपणा नाही.

फक्त कार्डिओलॉजीसाठी मेडिसिन घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. एमडीची तीन वर्षं, मग नीट एसएस ही सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग डीएम या पुढच्या पदवीची तीन. हवी ती सीट मिळेलच असं नाही, आणि न मिळाल्यास जे हातात उरतं ते जनरल मेडिसिनच.

उरलेल्या इंटर्नशिपमध्ये एवढं करून बघा. मेडिसिनच्या ॲडमिशन डेला आलेले दहा पेशंट धरा. रिपोर्ट यायच्या आधी प्रत्येकाची तीन निदानं वहीत लिहा, प्रत्येकापुढं कशावरून ते लिहा. डिस्चार्जला, किंवा पेशंट गेला तर तेव्हाही, ताळा करा. किती बरोबर आली याला फार महत्त्व देऊ नका. चुकलेल्या पेशंटच्या कॉटजवळ कुणी न सांगता परत गेलात का, नातेवाइकांशी अवघड बोलणं चालू असताना थांबलात की निघून आलात, हे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. चॉइस फिलिंगला, म्हणजे प्रवेशासाठी शाखा-कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा ती वही समोर घ्या.