गेम प्रोग्रामर व्हायचंय, तर गणितातलं काय घेऊ?

ताई म्हणून विचारलंस, म्हणून मोकळेपणाने सांगते. स्कॉटलंडला गणित आणि कॉम्प्युटिंगची जोड पदवी करायला निघाली आहेस. पुढे लिनिअर अल्जेब्रा, न्यूमेरिकल मेथड्स, रिअल अनॅलिसिस, प्रोबॅबिलिटी, ग्राफ थिअरी यांतून निवड करायची आहे. मी तिथल्याच डंडी शहरात राहते, गेम प्रोग्रामिंगच्याच कामात आहे. कुठल्या विषयात मार्क जास्त पडतात हे सीनियरना विचारत बसू नकोस. मी तेच केलं आणि पहिल्या मुलाखतीत अडले.

प्रश्न साधा होता: पहारेकऱ्याला खेळाडू दिसतोय की नाही, ते ठरव. पहारेकऱ्याच्या नजरेची दिशा एक व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण, त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारा दुसरा. दोघांची लांबी एक करून डॉट प्रॉडक्ट घ्यायचा, म्हणजे त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन मिळतो. नजरेचा टप्पा ९० अंशांचा असेल, तर दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश, म्हणून उत्तर ४५ अंशांच्या कोसाइनपेक्षा, म्हणजे ०.७०७ पेक्षा जास्त आलं की खेळाडू त्या टप्प्यात आला. मग मध्ये भिंत आहे का, ते वेगळं तपासायचं. हे बारावीच्या पुस्तकातलंच गणित, पण मला ते सूत्र म्हणून पाठ होतं, चित्र म्हणून दिसत नव्हतं. म्हणून लिनिअर अल्जेब्रा घेच. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकटीचा, गुणाकार म्हणजे वस्तू फिरवणं, मोठी करणं, हे डोळ्यांपुढे यायला हवं. क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत, बहुधा शिकवणार नाहीत. आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनला १८४३ साली सुचलेली ही कल्पना आज फिरणाऱ्या पात्रांसाठी रोज लागते, ती स्वतः शीक.

न्यूमेरिकल मेथड्सही, म्हणजे आकडेमोडीने जवळपासचं उत्तर काढायच्या पद्धती, सोडू नकोस. स्प्रिंगला टांगलेला गोळा कोडमध्ये हलवून बघ. आधी जागा बदललीस आणि मग जुन्याच जागेवरून काढलेल्या बलाने वेग बदललास, तर दर फेरीला ऊर्जा वाढते आणि गोळा शेवटी पडद्याबाहेर जातो. आता त्या दोन ओळींचा क्रम उलटा कर: आधी वेग, मग नव्या वेगाने जागा. टाइमस्टेप, म्हणजे दर फेरीत पुढे सरकणारा वेळ, लहान असेल तर गोळा शहाण्यासारखा झुलत राहतो. असं का होतं, ते हाच विषय सांगतो. फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे कॉम्प्युटर अपूर्णांक ठरावीक अंकांतच साठवतो त्याच्या, चुकाही इथेच कळतात: ३२ बिटांच्या आकड्यात शून्यापासून १६ किलोमीटरवर दोन शेजारच्या जागांत एक-दोन मिलिमीटरचं अंतर पडतं, आणि पात्र थरथरायला लागतं.

प्रोबॅबिलिटी जमली तर घे. ग्राफ थिअरीतला, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितातला, वाट शोधण्याचा भाग कॉम्प्युटिंगमध्येही होतो. रिअल अनॅलिसिस, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धता, सुंदर आहे, पण गणितातच पुढे जायचं असेल तरच घे.

इथे वर्षाला १२० क्रेडिट असतात. प्रत्येक मॉड्यूलचं, म्हणजे विषयाचं, माहितीपत्रक उघडून दोन गोष्टी बघ: आधी काय शिकलेलं लागतं, आणि मार्क फक्त लेखी परीक्षेचे आहेत की कोडच्या असाइनमेंटचेही. असाइनमेंट असेल ते उचल, कारण तेच पुढे पोर्टफोलिओत दाखवता येतं. विषय बदलायची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते, तेव्हा शिकवणाऱ्यांना निघण्याआधीच ईमेल कर. इथे त्याचं कुणाला वावगं वाटत नाही.

आणि बारावीचं व्हेक्टर्स-मॅट्रिक्सचं पुस्तक बॅगेत टाक. डिसेंबरात इथे दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या लांबलचक संध्याकाळी ते मराठीतल्या खुणांसकट हाताशी असलेलं बरं.