बदली अंदमानला, आणि घरात बंड्या

‘बदली झालीय, कुत्र्याला सोबत नेऊ की इथेच कुणाकडे ठेवू?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. वरवर तो कुत्र्याचा प्रश्न असतो, पण त्याआड घरातल्या प्रत्येकाची घालमेल दडलेली असते. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यजमानांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली होती, म्हणजे २०२४पासूनच्या श्री विजयपुरमला. घरात सहा वर्षांचा लॅब्राडोर, बंड्या. बाई म्हणाल्या, "ताई, नेला तर त्याचे हाल, ठेवला तर आम्हाला पाप. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही." सासूबाईंचा नेण्याला विरोध होता. मुक्या जनावराला समुद्रापार कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. यजमान मात्र निर्धास्त होते. "इथे मे महिन्यात बेचाळीस डिग्री सोसतो, तिथे तर एकतीस-बत्तीसच्या वर फारसं जातच नाही!"

त्यांचा हा निर्धास्तपणा मला बाईंच्या काळजीपेक्षा जास्त खटकला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. आपल्या घरातला कूलर चालतो तसंच हे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर छान गारवा देतो, पावसाळ्यात तोच नुसती ओल फेकतो. अंदमानात हवा जवळजवळ बाराही महिने दमट. इंदूरला वर्षाला नऊशे-हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. तिथे साधारण तीन हजार, आणि तो मेपासून डिसेंबरपर्यंत. शब-ए-मालवा म्हणून आपण ज्या गार रात्रींचं कौतुक करतो, तो दिलासाही तिथे नाही. म्हणजे एकतीस डिग्रीतही लॅब्राडोरला उष्माघात होऊ शकतो. यावर केस भादरणं हा उपाय नव्हे. त्याची दुहेरी लव ऊन अडवते, ती राहू द्यायची आणि रोज विंचरायची.

मग फिरायला न्यायचं कधी? घड्याळ देशभर एकच, पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की सूर्य इंदूरपेक्षा साधारण तासभर आधी उगवतो, आणि दमट हवेत ऊन चढण्याआधीच घरी परतायला हवं. इथे सातला निघणाऱ्या बंड्याला तिथे पाचलाच बाहेर काढायला हवं. जायच्या आधीच त्याची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणा, असं मी सांगितलं. प्रवासाचा पिंजरा दिवाणखान्यात उघडा ठेवून त्याचं जेवण त्यातच द्यायला लावलं. हे काम सासूबाईंनी आपणहून हाती घेतलं, आणि घरातला विरोधाचा सूर तिथेच मावळला. करण्यासारखं काही हाती आलं की अपराधीपणा कमी छळतो, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

औषधपाण्याचं सगळं मी पशुवैद्यांवर सोपवलं. रेबीजची लस अद्ययावत हवीच, पण लेप्टोची विसरू नका, हे मात्र बजावलं. १९८८पासून अंदमानात पावसाळ्यानंतर एका तापाच्या साथी येत, तो पुढे लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांना होतो, माणसांनाही होतो. पहिल्यांदा ही लस घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो. दुसरं भय डासांचं. त्यांच्यातून हार्टवर्म हा जंत कुत्र्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात जाऊन वाढतो. त्यावर वजनाप्रमाणे दर महिन्याला प्रतिबंधक औषध असतं, पण सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावं.

सासूबाई इंदूरलाच राहिल्या, बाकीचे गेले. काही दिवसांनी बाईंचा व्हिडिओ कॉल आला, डोळे भरलेले. "ताई, बंड्याला इंदूरची आठवण येतेय. दाराशी पडून असतो. तूप लावलेली पोळीसुद्धा हुंगून सोडून देतो."

ही चूक फार प्रेमापोटी होते. आपलं मन उदास असलं की कुत्र्याचं दुखणंही आपल्याला उदासी वाटतं. मी म्हटलं, "त्याचा ओठ वर करा आणि मला हिरड्या दाखवा." एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. पंजा उघडायला सांगितला, तर बोटांच्या बेचक्यात मसुराएवढी टम्म फुगलेली राखाडी गोचीड. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, आणि घरातली तापाची गोळी चुकूनही देऊ नका," एवढंच बोलले. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

रक्तात प्लेटलेट्स उतरलेल्या, गोचीडताप निघाला. डॉक्टरांनी चार आठवड्यांचं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. ते पूर्ण झालं पाहिजे, कुत्रा दोन दिवसांत शेपूट हलवू लागला तरी. गोचीड घरातच, भिंतीच्या भेगांत वाढते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याबरोबर घरावरही उपाय करावा लागतो.

बंड्या खाऊ लागला तेव्हा मी बाईंना विचारलं, "आता तुमचं सांगा." त्या ढसाढसा रडल्या. इंदूरची आठवण त्यांना येत होती. ना ओळखीचं कुणी, ना सकाळचे पोहे-जलेबी, ना सासूबाईंचा आवाज. आम्ही पुढची बरीच सत्रं त्यावरच घालवली. कुत्रा जागेपेक्षा माणसांना आणि वेळापत्रकाला धरून असतो. जेवण, फिरणं, खेळ ठरल्या वेळी मिळालं की बहुतेक कुत्रे काही आठवड्यांत रुळतात. माणसाला वेळ लागतो, आणि तो द्यायला हवा. पाचच्या फेरीत त्यांना शेजारची एक बंगाली मैत्रीण भेटली, तिचाही कुत्रा आहे. दोघी समुद्रावर जाताना सोबत गोडं पाणी नेतात, कारण खारं पाणी प्यायलं की उलट्या-जुलाब ठरलेले. घरी आल्यावर बंड्याला गोड्या पाण्याने धुऊन त्याचे लोंबते कान आतून कोरडे करतात, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. खाडीच्या काठाला मात्र त्याला अजिबात सोडत नाहीत. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

प्रत्येक कुत्र्याला न्यावंच, असं मी म्हणत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना दमट हवेत श्वासच पुरत नाही, आणि बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानकक्षातून न्यायला नकार देतात. हृदयविकार असलेला किंवा फार थकलेला कुत्रा असेल, तर आधी इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नीट तपासून घ्या. ते नको म्हणाले, तर त्याला ओळखीच्या घरी, ओळखीच्या माणसांत ठेवा, आणि निघण्यापूर्वी महिनाभर तरी त्याला त्या घरी राहायची सवय लावा.