खाडेवहीला लेखक नसतो

प्रश्न असा आहे : "विद्यापीठांच्या डिजिटल संग्रहात पीएच.डी.चे प्रबंध सोडून आणखी काय असतं? माझे वडील १९७१ ते ७४ होस्टेलला राहून शिकले. त्यांच्याबद्दल तिथे काही सापडेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बहुतेक नाही सापडणार. का सापडणार नाही हे मला नको तितकं ठाऊक आहे, कारण त्याच सालातली एक वही रद्दीच्या टेम्पोत चढताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता पहिला प्रश्न. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २००९ साली नियम केला, तेव्हापासून प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, चढवायची असते. ते सोडून काय असतं? तर ज्या विद्यापीठात ज्या माणसाला जे जपावंसं वाटलं ते. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा संग्रह उघडून बघा. इंग्रजी अमदानीतले अहवाल, कुठे मिळणार नाहीत अशी जुनी पुस्तकं, सगळी स्कॅन करून ठेवली आहेत. बंगळूरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेने २००२ सालीच आपल्या लोकांचे शोधनिबंध असे खुले ठेवायला सुरुवात केली होती. तुम्ही मोबाइलवर मोल्सवर्थचा कोश फुकट बघत असाल, तर तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेने. काही ठिकाणी पदवीदानाची भाषणं, जुनी कॅलेंडरं (तारखांची नव्हे, नियम, अभ्यासक्रम आणि निकालांची जाडजूड पुस्तकं), प्रश्नपत्रिका, वार्षिकांक, क्रीडासंघांचे फोटोही मिळतील. आणि काही ठिकाणी, म्हणजे आमच्याकडे, प्रबंध, प्रश्नपत्रिका आणि कुलगुरूंचे हार घातलेले फोटो. संपलं.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली. परिचर म्हणून लागलो, सहायक ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. कोणतं विद्यापीठ ते विचारू नका. दुष्काळी पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे.

२०१३ सालची गोष्ट. नॅकची, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या परिषदेची, समिती यायची होती, आणि समितीला दाखवायला डिजिटल संग्रह हवा होता. कंत्राटदार आला. स्कॅनिंगचा दर पानाला ऐंशी पैसे. डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर बसवलं (हे फुकट असतं, एमआयटीने ह्युलेट-पॅकार्डबरोबर २००२ मध्ये काढलेलं, पण आमच्या बिलात ते फुकट नव्हतं). मला सांगितलं, तळघरातली खोली रिकामी करा आणि स्कॅनिंगला काय जाईल ते वेगळं काढा.

त्या खोलीत चाळीस वर्षांत कोणी झाडू मारला नव्हता. कसर आणि उंदराच्या लेंड्या. विद्यार्थी निवडणुकांची पत्रकं, सायक्लोस्टाइल केलेली, जांभळी शाई पुसट झालेली. भित्तिपत्रकांचे कागद गुंडाळून सुतळीने बांधलेले. वार्षिकांकांचे सुटे अंक. पाहुण्यांच्या व्याख्यानांची स्पूल टेपची सहा-सात रिळं. आणि होस्टेलची दप्तरं, त्यात मेसच्या खाडेवह्या.

खाडेवही म्हणजे काय ते होस्टेलला राहिलेल्याला सांगायला नको. जेवायला नसलो की खाडा, महिनाअखेर खाडे वजा जाता बिल. त्यातली १९७२-७३ ची वही मी उघडली ती केवळ तिची लाल कापडी पाठ शाबूत होती म्हणून. खोली नंबर, नाव, मग १ ते ३१ चे रकाने, खाडे, बाकी, शेरा. पानाच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा. ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक. मग एका पानाच्या माथ्यावर मेस सेक्रेटरीने लाल शाईत लिहिलंय, "आजपासून मिलो. तक्रार घेतली जाणार नाही." ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला त्यांना मिलो समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची.

त्यापुढची पानं मी जिन्यावर बसून वाचली. खाडे वाढत जातात. शेऱ्यात आधी "गावी" असं असतं. फेब्रुवारीनंतर "गावी" हा शब्दच जातो आणि त्या जागी नुसतं "खडी" येतं. खोली १४, खडी. खोली १७, दोघे, खडी. म्हणजे बी.ए.ची, बी.कॉम.ची पोरं परीक्षेच्या आधी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, आणि मेस सेक्रेटरी त्यांचे खाडे इमानदारीने वजा करत होता. एप्रिलमध्ये एका पानावर ४२ पैकी १९ नावांपुढे खडी आहे. मी मोजलंय.

ती वही घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, हुशार माणूस, इंग्रजी फर्डं. त्यांनी चार पानं उलटली, म्हणाले, "हे काय? मेसचा हिशेब?" मी म्हटलं, सर, बहात्तरच्या दुष्काळावर आपल्याकडे तीन प्रबंध आहेत, तिन्हीत सरकारी आकडेच फिरून फिरून आलेत, ही गोष्ट त्यांच्यात नाही. ते म्हणाले, फॉर्म भरून दाखवा. कंत्राटदाराच्या फॉर्मात लेखकाचा रकाना सक्तीचा होता. मी अडकलो. लेखक कोण? मेस सेक्रेटरी? तो दर टर्मला बदलायचा. साहेब हसले आणि म्हणाले, "ज्याला लेखक नाही ते रिपॉझिटरीत नाही." कंत्राटदाराचा पोरगाही हसला.

त्या रात्री मी घरी बसून वाचून काढलं. हे सगळे फॉर्म नोंदी करायच्या ज्या डब्लिन कोअर पद्धतीवर बेतलेले असतात तिच्यात मुळात १५ रकाने, आणि त्यातला एकही सक्तीचा नाही. एकही नाही. कर्ता माहीत नसेल तर रिकामा सोडा, विषय लिहा, तारीख लिहा, पुढे चला. दुसऱ्या दिवशी छापील कागद घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "आपल्याला नॅकला दाखवायचंय की डब्लिनला?"

आठवडाभराने निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीवर सह्या झाल्या. यादीत "जुनी दप्तरे, किरकोळ" अशी एक ओळ होती. त्या एका ओळीत तळघर गेलं. रद्दी किलोवर गेली, टेम्पो मागच्या गेटने आला, आणि मी पावती फाडायला उभा.

माझं म्हणणं तेव्हा जे होतं तेच आज आहे. प्रबंध जपण्यात काही मर्दुमकी नाही. प्रबंधाच्या पाच प्रती असतात : विद्यापीठात एक, विभागात एक, गाइडकडे एक, स्वतः डॉक्टरसाहेबांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक, आणि आता शोधगंगेवर एक. खाडेवहीची प्रत एकच. जे एकच आहे ते आधी स्कॅन करायचं, ही अक्कल आहे, यात ग्रंथालयशास्त्र लागत नाही. आमच्याकडे उलटं झालं. ज्याच्या पाच प्रती त्याची सहावी काढली आणि ज्याची एकच ती विकली.

बाहेर लोक काय जपतात ते बघा. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, मध्येच परत यावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२३ ला डी.एस्सी. झाले. त्यांची विद्यार्थी म्हणून असलेली फाइल त्या संस्थेने ठेवली आहे. प्रवेशाचा अर्ज, कोलंबियाच्या सेलिग्मन सरांचं शिफारसपत्र. भरती करताना त्या कारकुनाला काय ठाऊक की हा कोण होणार आहे! त्याने फक्त कागद फाइलला लावला, आणि पुढच्या कोणी तो "किरकोळ" म्हणून काढला नाही. आमच्याकडे ती फाइल असती तर माझ्या पावतीपुस्तकात निघाली असती, किलोच्या भावाने.

२०१८ मध्ये एक मुलगी आली होती, दुष्काळातलं अन्न या विषयावर काम करणारी. होस्टेलात काय शिजायचं, असं तिने विचारलं. साहेबांनी तिला सांगितलं, शोधगंगेवर बघा. मी तिला चहा पाजला आणि चौदा पानांचे फोटो दाखवले. हो, टेम्पोच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर चौदा पानं काढून ठेवली होती. हलक्या प्रतीचा फोन, दोन पानं हललेली आहेत. पण खडी वाचता येते.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात, नाहीतर साहेबांवर अन्याय होईल. त्या वहीत पोरांची नावं होती आणि नावांपुढे थकबाकी. कोणाचे किती महिने बिल थकलंय हे आज नेटवर टाकलं तर त्याच्या नातवाला आवडेल का? नाही आवडणार. वही जपायची, पण उघडी ठेवायची की मागेल त्याला दाखवायची, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेव्हा भांडताना तो मला सुचला नव्हता. दुसरं, प्रताधिकार. वार्षिकांकातल्या कवितेवर कवीचा हक्क असतो, त्याच्या मरणानंतरही साठ वर्षं. तिसरं, पैसे खरंच कमी होते. पण स्कॅन नाही केलं म्हणजे विकायलाच हवं, असं कुठे लिहिलंय?

आणि तुम्ही शोधायला बसलात तर एक सांगून ठेवतो. मराठी शब्द टाकून शोधलंत आणि काही आलं नाही, म्हणजे तिथे काही नाही असं समजू नका. युनिकोडच्या आधीची मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप झालेली आहे. पीडीएफमध्ये डोळ्यांना "दुष्काळ" दिसतो, कॉपी करून पेस्ट केलात की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा पडतो, आणि शोधयंत्राला तो कालवाच दिसतो. म्हणून नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधा, दोन-तीन तऱ्हांनी. कुलकर्णींचं एक बरं असतं, पण क्षीरसागर असाल तर अर्धा दिवस काढून ठेवा. शोधगंगेवर प्रबंध तुकड्यांत असतो, त्यातली ऋणनिर्देशाची फाइल आधी उघडा. लोक तिथे होस्टेलच्या मित्रांची, मेसच्या मावशींची नावं घेतात. बाकी सगळ्या प्रबंधात तेवढंच एक पान माणसाने लिहिलेलं असतं. आणि काही सापडलं तर लगेच उतरवून घ्या. विद्यापीठांचे सर्व्हर आज असतात, कंत्राट संपलं की नसतात. आमचा डीस्पेस मी निवृत्त व्हायच्या आधीच उघडेनासा झाला होता. नॅक होऊन गेलं होतं ना.

परवा साहेबांचा फोन आला होता. तेही निवृत्त आहेत आता, आठवणी लिहायला घेतल्यात. ते मूळचे आमच्याच कॅम्पसवरचे विद्यार्थी. म्हणाले, "अहो, त्या वेळच्या वार्षिकांकात माझी एक कविता आली होती, तळघरात ते अंक होते ना? बघता का जरा कुठे डिजिटल वगैरे?" मी म्हटलं, सर, किरकोळमध्ये गेले. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग माझ्याच्याने राहवलं नाही, म्हटलं, त्याला लेखक होता, तरी गेले.

तर तुमच्या वडिलांचं. संगणकावर वेळ घालवण्याआधी त्यांच्या कॉलेजात प्रत्यक्ष जा. ग्रंथालयात नाही, जिमखान्यात. तिथल्या भिंतीवर संघांचे फोटो असतात, ते निर्लेखनात जात नाहीत कारण ते कोणाच्याच दाखल नोंदवहीत नसतात. शिपायाला चहाचे पैसे द्या, फ्रेम उतरवायला लावा. पुढची नावं वाळवीने खाल्लेली असली तरी मागच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा पेन्सिलीने लिहिलेली मिळतात.