पाकीट चोरीला गेलं, त्यात आधार, पॅन, लायसन्स होतं. डुप्लिकेट काढण्यासाठी ‘गहाळ’ अशी नोंद केली तर चालेल का?

चालेल असंच सगळे सांगतील, आमच्या दिरांसकट. मी सांगते, चोरी झाली असेल तर चोरीच लिहा.

एसटीत चढताना गर्दीत माझ्या पर्सला कुणीतरी ब्लेड मारलं आणि आतलं पाकीट काढलं. चीर इतकी सफाईदार, की अस्तर बाहेर लोंबेपर्यंत मला पत्ता नाही. भाऊजींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. अंमलदारांनी मान वर न करता कोरा कागद पुढे सरकवला. "पाकीट गहाळ झालं असं लिहून द्या, शिक्का मारून देतो." मी पर्स टेबलावर ठेवली आणि चिरेत दोन बोटं घालून दाखवली. म्हटलं, साहेब, गहाळ होताना पाकीट असं भोक पाडून जातं का? तर आमचे भाऊजी त्यांच्याच बाजूने! "वहिनी, तीन कार्डांसाठी कोर्टाच्या खेपा घालणार का?"

कार्डांचं दुःख नव्हतंच. नवीन कार्ड आलं तरी आधार आणि पॅनचा नंबर जुनाच राहतो. म्हणजे माझं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, सही सगळं त्या चोराकडे कायमचं.

ठाण्यातून हाकललं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस तपासाच्या कायद्याचं, कलम 173 लक्षात ठेवा. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. मी अधीक्षकांचं नाव काढलं, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीचा गुन्हा दाखल झाला.

पुढे वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. माझ्या पॅनवर कुणीतरी एका ॲपवरून कर्ज उचललं होतं, चोरीनंतरच्या तारखेला. प्रकरण लगेच मिटलं नाही, पण एफआयआर पाठवल्यावर "तुम्हीच कुणाला तरी कार्ड दिलं असेल" हे बंद झालं. भाऊजींचं म्हणणं, तारीख गहाळच्या दाखल्यावरही असते. असते हो! पण हरवलं म्हणणाऱ्याला "मग सांभाळायचं होतं" असं ऐकवता येतं.

बाकीचं सोपं आहे. ई-आधार साइटवरून फुकट उतरतं, पीव्हीसी कार्ड पैसे भरून मागवा. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, मात्र आजच लॉक करा. पॅनचं रीप्रिंट मागा, नवीन पॅनचा अर्ज करू नका, दोन पॅन निघाले तर 10,000 रुपये दंड आहे. लायसन्सचं डुप्लिकेट परिवहनच्या साइटवर. तोवर डिजिलॉकरमधलं दाखवा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी साइटवर दिसतं.

आता, आधार आणि पॅनच्या नुसत्या रीप्रिंटला पोलिसांचा कागद कुणी मागत नाही, हे खरं. भाऊजींचा सगळा मुद्दा तेवढ्यावरच उभा आहे. आणि तुम्ही पाकीट खरोखरच रिक्षात वगैरे विसरला असाल, तर माझं ऐकून चोरीची फिर्याद देऊ नका. पोलिसांना खोटी माहिती देणं हाही गुन्हाच आहे, तिथे गहाळच लिहा.